पालावरच्या मुलीचा जातीचा दाखला: पन्नास-साठ सालचा कागद कुठून आणायचा?

प्रश्न थोडक्यात असा. मराठवाड्यातून आलेली काही पारधी कुटुंबं बारा-पंधरा वर्षांपासून पुणे जिल्ह्यातल्या एका गायरानावर पालं टाकून राहतात. त्यांतली एक मुलगी अकरावी सायन्सला आहे. घरात कुणाकडेच जातीचा दाखला नाही. वडील चौथीपर्यंत शिकले, त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू मराठा’ लिहिलंय. सेतू केंद्राबाहेरचा एजंट म्हणतो, 1961 पूर्वीचा पुरावा आणा, नाहीतर पैसे द्या, मी ‘पाल पारधी’ म्हणून काढून देतो. काय करावं?

आधी त्या एजंटाला नाही म्हणा. पैशाचा प्रश्न पुढचा. तो सांगतोय ती तारीख तुमच्या कामाची नसावी आणि तो सुचवतोय ती जात बहुधा तुमची नाही. या दोन चुका एकदा फाइलमध्ये शिरल्या की मुलीचीच काय, सगळ्या भावकीची वाट लागते.

महाराष्ट्रात ‘पारधी’ हे नाव दोन याद्यांत आहे. अनुसूचित जमातींच्या यादीत पारधी ही मूळ नोंद आहे आणि तिच्यात अडविचिंचेर, फासे पारधी, लंगोली पारधी, बहेलिया, चिता पारधी, शिकारी, टाकणकर, टाकिया ही नावं येतात. विमुक्त जातींच्या यादीत पाल पारधी आणि राज पारधी आहेत. नावं शेजारी, पण प्रवर्ग वेगळे. अनुसूचित जमातीला राज्यात 7 टक्के आरक्षण आहे आणि नॉन क्रिमिलेअरची अट नाही. विमुक्त जाती (अ) ला 3 टक्के, आणि तिथं क्रिमिलेअरचं झंझट. शिवाय केंद्राच्या नोकरीत आणि प्रवेशात विमुक्त असा वेगळा प्रवर्गच नाही. तिथं तुम्ही ज्या केंद्रीय यादीत असाल त्या यादीतून जावं लागतं. दाखल्यावर ‘पाल’ हा दोन अक्षरी शब्द आला की हे सगळं बदलतं. आणि नंतर कुणी म्हटलं की आम्ही फासे पारधी आहोत, तर दावा तपासणारी जात पडताळणी समिती विचारणार की मग पहिला दाखला खोटा होता का.

पालात राहतात म्हणून पाल पारधी, असा सरळ हिशोब एजंट लावतात, कधी कधी कारकूनही लावतात. तो चुकीचा आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की आपल्याला आपले लोक काय म्हणतात, सोयरिक कुणाशी होते, कुणाशी होत नाही. उत्तर तिथं मिळेल. यादीत ज्या नावाची नोंद आहे ती जशी आहे तशीच वाचायची, तिच्यात पोटनाव घालून ती ताणायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2000 साली मिलिंद प्रकरणात, हलबा जमातीत कोष्टी धरायचे का या वादावर, सांगून ठेवलंय. त्यामुळे अर्जात जे नाव लिहाल ते यादीतलंच, त्याच अक्षरांत लिहा.

आता तारीख. जातीच्या पुराव्यासाठी जी तारीख धरतात तिला मानीव दिनांक म्हणतात. अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातीला 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींना 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967. म्हणजे फासे पारध्याला 1961 ची तारीख लागूच नाही, 1950 ची लागते. ही अकरा वर्षं भारी पडतात, कारण 1950 च्या आधी पारध्यांची पोरं शाळेत जवळजवळ नव्हतीच.

मानीव दिनांकाचा दुसरा अर्थ लोक विसरतात. त्या दिवशी तुमचा पूर्वज जिथं राहत होता, तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो. आज पाल पुणे जिल्ह्यात असेल आणि आजा-पणजा आष्टी किंवा पाटोदा भागात फिरत असतील तर अर्ज बीड जिल्ह्यातल्या त्या उपविभागाकडे जातो. पुण्यात भरलेला अर्ज बहुतेक वेळा ‘अर्जदार मूळ रहिवासी नाही’ या एका ओळीवर परत येतो, आणि लोक समजतात की जात नाकारली. जात नाकारलेली नसते, दार चुकलेलं असतं.

फिरत्या माणसाला मूळ गाव विचारणं हीच खरी मेख आहे. ज्या जमातींना सरकारनं गुन्हेगार जमाती कायद्याखाली नोंदवलं, ज्यांना पास असल्याशिवाय हद्द ओलांडता येत नव्हती, ज्यांची हजेरी घेतली जायची, ज्यांना कुठलं गाव टिकू देत नव्हतं, त्यांच्याच नातवंडांकडे आज सरकार कायम वास्तव्याचा कागद मागतं. तक्रार योग्यच आहे, पण तिच्यावर फाइल पुढं सरकत नाही. फाइल सरकते ती याच्या उलट बाजूनं: ज्या लोकांवर पाळत होती, त्यांची नोंद कुठं ना कुठं झालेली असते.

शोध सुरू करण्याआधी वयाचा हिशोब मांडा. मुलगी सतरा वर्षांची. बाप चाळीसच्या आसपास, आजा पासष्टच्या आसपास, म्हणजे आजाचा जन्मच 1960 च्या अलीकडं-पलीकडं. 1950 पूर्वीची नोंद हवी तर ती पणज्याची किंवा पणज्याच्या भावंडांची असणार. म्हणून बापाच्या कागदांत डोकं घालून उपयोग नाही. कोऱ्या कागदावर वंशावळ काढा: पणजा, त्याचे भाऊ, त्यांची मुलं, त्यांची मुलं. प्रत्येक नावासमोर टोपणनाव, अंदाजे जन्मसाल आणि त्या काळात पाल कुठं-कुठं असायचं ती गावं लिहा. हे एका बैठकीत होत नाही. जत्रा, लग्न किंवा दहावा असेल तिथं दोन-चार म्हातारे एकत्र सापडतात, तिथं पूर्ण होतं. भटक्यांच्या बऱ्याच जमाती मढीला कानिफनाथाच्या यात्रेत आणि जेजुरीला पौष पौर्णिमेच्या बाजारात जमतात. चुलत्या-मालत्यांचे धागे तिथं लागतात.

एकदा वंशावळ ठरली की ती गोठवा. सगळ्या भावकीनं तीच वापरायची. समितीकडे तुमच्या चुलतभावाची जुनी फाइल असते, आणि त्यात पणज्याला तीन मुलगे व तुमच्या फाइलमध्ये चार असतील तर पहिला संशय तिथंच येतो. नोंदीत न सापडलेली, लहानपणी गेलेली मुलंही ‘मयत, निर्वंश’ असं लिहून वंशावळीत घाला.

आता कागद. सगळ्यात उपयोगी पडतो तो गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात. ती तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असते. हिच्यात जातीचा रकाना असतो, आणि इथंच लोक चुकतात: ते आडनावानं शोधतात. त्या काळी पारध्याच्या नोंदीत आडनाव नसतंच. ओळ साधारण अशी असते: तारीख, मग ‘झिंग्या पारधी’ असं बापाचं नाव, जातीच्या रकान्यात पुन्हा ‘पारधी’, पुढं मुलगा की मुलगी, आणि शेवटी खबर देणाऱ्याचं नाव, जो बहुधा गावचा महार, रामोशी किंवा पाटीलच असतो. ‘पवार’ शोधत बसलात तर ही ओळ डोळ्यांसमोरून निघून जाईल. म्हणून गाव आणि साल धरून पान न् पान वाचा, जातीचा रकाना आधी पाहा, मग नाव. म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या गावांच्या 1925 ते 1950 च्या वह्या बघा, आणि शेजारच्या दोन-तीन गावांच्याही, कारण पाल शिवेवर असायचं आणि नोंद ज्या पाटलाला सुचली त्यानं केली. मृत्यूची नोंदही तितकीच चालते. पालात एखादं मूल दगावलं असेल तर पुरण्यासाठी गावाची परवानगी लागायची, त्यामुळे ती नोंद सापडायची शक्यता जन्मापेक्षा थोडी जास्त.

वह्या मोडीत असतात. मराठवाड्यात निजाम काळातल्या नोंदी उर्दूत किंवा मोडीत, आणि सालं फसली, म्हणजे तेव्हाची महसुली. फसली सालात 590 मिळवले की इसवी सन जवळपास निघतो. फसली 1350 म्हणजे 1940-41. मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्या, पण त्याआधी अभिलेख कक्षातून मूळ पानाची प्रमाणित नक्कल घ्या. नुसता मोबाइलचा फोटो आणि त्याचं लिप्यंतर जोडलं तर समिती मूळ वही मागवते, आणि तिला ते पान ‘आढळून आलं नाही’ तर दावा तिथंच संपतो. प्रमाणित नकलेवर वहीचा क्रमांक, पान आणि अनुक्रमांक आलाय ना, हे खिडकीवरच उभं राहून तपासा.

शाळेचं म्हणाल तर शाळा सोडल्याचा दाखला हा दुय्यम कागद. खरा पुरावा म्हणजे जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेश-निर्गम उतारा. विदर्भात यालाच दाखल-खारीज म्हणतात. दाखला कुणी नव्यानं लिहून देऊ शकतो. समिती रजिस्टरच बघते.

मग पोलिसांकडचे कागद. इथं लोक बिचकतात आणि त्यांचं बिचकणं समजण्यासारखं आहे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली नोंद झालेल्यांची रजिस्टरं असत: नाव, बापाचं नाव, जमात, गाव, अंगठ्याचा ठसा. सोलापूर, हुबळी, गदग, विजापूर इथं सेटलमेंट, म्हणजे या जमातींना पाळतीखाली ठेवायच्या वसाहती होत्या. सोलापुरात आजही त्या भागाला लोक सेटलमेंटच म्हणतात. त्यांची हजेरीपुस्तकं, तिथल्या शाळांची रजिस्टरं, काही मिलमधल्या कामगारांच्या याद्या हे सगळं सरकारी काम करताना तयार झालेलं दप्तर आहे, दाव्यासाठी रचलेलं नाही. म्हणून त्याचं वजन मोठं. पणज्याला गुन्हेगार ठरवणारी ओळ पणतीची जमात सिद्ध करते, यातला कडवटपणा आहे तो आहे, ओळ वापरा. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला, त्या नोंदीनं आज कुणावर काही बालंट येत नाही.

पण ठाण्यात जाऊन तोंडी विचारू नका. जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकारात लेखी अर्ज करा: अमुक तालुक्यातल्या गुन्हेगार जमाती कायद्याखालच्या नोंदवह्या, 1952 पूर्वीच्या, उपलब्ध आहेत का, असल्यास अमुक नावाच्या नोंदीची प्रमाणित प्रत. फी 10 रुपये, प्रतीला पानामागं 2 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. अर्ज पालातल्या माणसाच्या नावानं न करता शिक्षकानं किंवा कार्यकर्त्यानं आपल्या नावानं केला तरी चालतो. ‘अभिलेख नष्ट’ असं उत्तर आलं तर तेही जपून ठेवा. पुढं गृहचौकशी (कागदाऐवजी अधिकाऱ्यांनी गावात जाऊन करायची चौकशी) मागताना ‘कागद शोधला, सरकारकडेच नाही’ हे दाखवायला तेच कामी येतं. पुराभिलेख खात्याची मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची दप्तरं हा शेवटचा पर्याय; तिथं संशोधकाच्या सवयीनं बसणारा माणूस लागतो.

जे चालत नाही तेही सांगतो, कारण याच्यावरच लोकांचे पैसे जातात. आधार कार्ड, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, जन्मदाखला: यांत जात नसते. सरपंचाचं पत्र, संघटनेचं प्रमाणपत्र, जातपंचायतीचा कागद: हे आधाराला बरे, पुरावा म्हणून शून्याच्या जवळ. आईच्या माहेरचे कागद बापाची जात सांगत नाहीत.

आता वडिलांच्या दाखल्यावरच्या ‘हिंदू मराठा’कडे येऊ. हे पारध्यांच्या बाबतीत इतक्या वेळा होतं की त्यात नवल नाही. आडनावं पवार, चव्हाण, काळे, भोसले, शिंदे. हेडमास्तरांनी आडनाव ऐकलं, बापाला अक्षर येत नव्हतं, पोराला पारधी म्हणवून घ्यायची भीती वाटत होती. लिहिलं मराठा. अशी विसंगत नोंद आली म्हणून दावा मेला असं नाही. जुनी नोंद नव्या नोंदीपेक्षा भारी असते; पणज्याची 1938 ची ‘पारधी’ नोंद हाती असेल आणि नातं जुळत असेल तर 1995 चा ‘मराठा’ समजावून सांगता येतो. पण तो लपवता येत नाही. शपथपत्रात स्वतःहून लिहा की वडिलांच्या शाळेत अशी नोंद आहे, ती कशी झाली असावी, आणि तिच्याआधीचा पुरावा हा असा. समितीसाठी चौकशी करणारं दक्षता पथक शाळेत जाऊन रजिस्टर उघडणारच आहे. त्यांना ती नोंद तुमच्या अर्जात आधीच दिसली तर ती चूक ठरते. रजिस्टरात पहिल्यांदा दिसली तर लबाडी ठरते.

मुलीच्या स्वतःच्या रजिस्टरात काय आहे ते आजच बघा. ती अजून शिकतेय, त्यामुळे मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे दुरुस्तीचा प्रस्ताव पुराव्यासह पाठवता येतो. शाळा सुटल्यावर हे काम फार अवघड होतं. खाडाखोड करून, शाई बदलून ‘पारधी’ लिहून देणारे मेहेरबान भेटतात. त्यांच्यापासून चार हात लांब राहा. खोटं प्रमाणपत्र मिळवणं हा गुन्हा आहे. 2000 च्या जात प्रमाणपत्र अधिनियमात त्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा 2,000 ते 20,000 रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे, शिवाय घेतलेली सवलत परत. खरा पारधी खोट्या शाईमुळे गेला तर त्याला कुणी वाचवत नाही.

अर्ज करताना क्रम असा ठेवा: मुलीचा आधी नको. भावकीत ज्याच्या नावाचा जुन्या नोंदीशी सगळ्यात थेट धागा जुळतो, असा हयात माणूस निवडा. बहुधा तो आजा किंवा चुलत आजा असतो. त्याचा दाखला, मग वडिलांचा, मग मुलीचा. मुलीची वेळ अगदी गळ्याशी आली असेल तर तिघांचे अर्ज एकत्र द्या, पण वंशावळ आणि पुराव्याचा संच एकच ठेवा. अर्ज आपले सरकार केंद्रातून किंवा पोर्टलवरून जातो. पावतीवर सेवेची मुदत छापलेली असते. मुदत उलटली तर लोकसेवा हक्क कायद्याखाली पहिलं अपील करा. नुसतं अपील दाखल झालं तरी फाइल टेबलावर येते.

जुना कागद सापडलाच नाही तर? तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे लेखी मागणी करा की गृहचौकशी करून निर्णय द्यावा. नियमांत याला जागा आहे, पण न मागता सहसा मिळत नाही. ही चौकशी मंडल अधिकारी आणि तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) करतात, आणि इथं तयारी लागते. चौकशी आजच्या पालावर न होता जुन्या फिरतीच्या गावात व्हावी, हे अर्जातच लिहा. त्या गावातले पंचाहत्तरी ओलांडलेले दोन-तीन लोक, शक्यतो दुसऱ्या जातीचे, ज्यांनी तुमच्या आजाला पाल टाकताना, शेताची राखण करताना, तितर-लावे विकताना पाहिलंय, त्यांचे जबाब घ्यायला लावा. आपल्याच जातभाईंचे पाच जबाब एका परक्या म्हाताऱ्याच्या जबाबाइतके वजनदार ठरत नाहीत. जबाब ज्याचा त्याच्या शब्दांत लिहिला जातोय का हे बघा. कारकुनानं सगळ्यांचा एकच मजकूर उतरवला तर पुढं समिती तेवढंच बोट ठेवते. आणि अंगठा देण्यापूर्वी मजकूर मोठ्यानं वाचून घ्यायचा, हे पालातल्या माणसांना आधी बजावा.

नकार आला तर लेखी आदेश मागा, तोंडी नकारावर परत फिरू नका. आदेशाविरुद्ध 30 दिवसांत अपील असतं, अपील कुणाकडे ते आदेशातच लिहिलेलं असतं.

दाखला मिळाला म्हणजे निम्मं काम झालं. वैद्यकीय, इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशाला, नोकरीला आणि राखीव जागेवर निवडणूक लढवायला वैधता लागते, म्हणजे जात पडताळणी. विमुक्त-भटक्यांसाठी ही समिती जिल्ह्याची असते, बार्टी या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावरून अर्ज होतो. अनुसूचित जमातीची समिती वेगळी, आदिवासी विभागाची, आणि एका समितीकडे अनेक जिल्हे असतात. पारध्यांचे अर्ज चुकून जिल्हा समितीकडे जातात आणि महिने वाया जातात. अकरावीतच अर्ज करा. बारावीच्या निकालानंतर जे पळतात त्यांची सीट जाते.

समितीला कागदांनी समाधान झालं नाही तर प्रकरण दक्षता पथकाकडे जातं. पथक घरी येतं, शाळा-तहसीलची वही बघतं आणि आप्तभाव तपासतं: कुळं कोणती, देव कोणते, लग्न कसं लागतं, प्रेत पुरता की जाळता, बोली कोणती, परंपरेचा धंदा काय. फासे पारध्यांची बोली गुजरातीच्या जवळची. घरात म्हातारी बोलत असेल तर ती बोलू दे. पण मुलीला फास कसा लावतात हे येत नसेल तर घोकून घेऊ नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार हा गुन्हा झाला, मग 2008 साली जन्मलेल्या पोरीला वाघूर (शिकारीचं जाळं) लावता यावी ही अपेक्षाच उफराटी. पुस्तकातली माहिती पाठ करून सांगणारी मुलं पथकाला लगेच ओळखू येतात आणि ते अहवालात तसं लिहितात. माहीत आहे ते सांगायचं, नसेल तर ‘आजीला माहीत आहे’ म्हणायचं.

पथकाचा अहवाल विरोधात गेला तर त्याची प्रत नोटिशीसोबत येते. नोटिशीतली मुदत पाळा आणि प्रत्येक मुद्द्याला वेगळं, कागदाचा हवाला देऊन उत्तर द्या. इथं कायदा तुमच्या बाजूनं बऱ्यापैकी आहे. सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2023 मध्ये आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठातर्फे स्पष्ट केलं की आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी नाही, प्रत्येक प्रकरण दक्षता पथकाकडे पाठवण्याचीही गरज नाही, आणि संविधानापूर्वीच्या कागदाला सगळ्यात जास्त वजन द्यायचं. आनंद प्रकरणातही आधी हेच म्हटलं होतं की शिक्षण, स्थलांतर यांनी जुन्या चालीरीती पुसट होतात. उत्तरात हे दोन निकाल नोंदवा. शेवटी समितीनं नाकारलंच, तर तिच्यावर अपील नाही, थेट उच्च न्यायालय.

याच 2023 च्या निकालात रक्तनात्याचा मुद्दाही आहे. बापाकडच्या रक्ताच्या नात्यातल्या कुणाची वैधता रीतसर चौकशीनंतर झाली असेल आणि नातं निर्विवाद असेल तर ती मोठा आधार ठरते. म्हणूनच भावकीतला सगळ्यात भक्कम माणूस आधी पुढं करायचा. एक वैधता पक्की झाली की मागच्या वीस जणांचं ओझं हलकं होतं. याचीच दुसरी बाजू: भावकीत कुणाचा दावा अवैध ठरला असेल तर तो आदेश मिळवा, वाचा, का ठरला ते समजून घ्या आणि आपल्या अर्जात उघड करा.

प्रश्नात पारधी होते, पण त्या गायरानावर इतरही असतील, म्हणून चार ओळी. कैकाडी विदर्भातल्या अकोला, अमरावती, नागपूर, यवतमाळ अशा ठराविक जिल्ह्यांत अनुसूचित जातीत आहेत (चंद्रपुरात राजुरा तालुका सोडून), उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. सोलापूरचा कैकाडी आज अकोल्यात राहायला गेला म्हणून अनुसूचित जातीत जात नाही, मानीव दिनांकाला घर कुठं होतं ते बघतात. बंजारा महाराष्ट्रात विमुक्त, तेलंगणात अनुसूचित जमात, कर्नाटकात अनुसूचित जात. सीमेपलीकडचा दर्जा इकडं येत नाही. सून परराज्यातली असेल तर तिचा दाखला माहेरच्या राज्यातून निघतो, कारण बाईची जात जन्मानं ठरते, लग्नानं बदलत नाही. तिच्यासाठी माहेरची वंशावळ आणि नावबदलाचा पुरावा लागतो. छप्परबंद मुसलमान आहेत आणि विमुक्त यादीत आहेत, पण शाळेत धर्म-जातीच्या एकाच रकान्यात ‘मुस्लिम’ एवढंच लिहितात आणि जात पुसली जाते. पहिलीच्या प्रवेशावेळी ‘मुस्लिम छप्परबंद’ असं पूर्ण लिहून घ्या. याला तेव्हा एक मिनिट लागतं, नंतर वर्षं.

पारध्यांच्या जुन्या कागदांत आणखी एक गाठ असते. 1976 च्या दुरुस्ती कायद्यापूर्वी अनुसूचित जमातींच्या याद्यांना भागाचं बंधन होतं. ते 27 जुलै 1977 पासून उठलं. त्यामुळे सत्तरच्या आधी कुणा चुलत्याला विमुक्त म्हणून शिष्यवृत्ती मिळाली असेल तर समिती ते विरोधात धरू बघते. तिथं सांगायचं की त्या वेळी त्या भागात सवलत त्याच प्रवर्गातून मिळत होती, कागदावरचं जमातीचं नाव ‘पारधी’च आहे. प्रवर्ग बदलू शकतो, नाव बघा.

हे सगळं इतकं किचकट का, तर खोट्या दाव्यांमुळे. नामसाधर्म्याचा फायदा घेऊन सधन मंडळी याद्यांत शिरली. विमुक्त यादीतल्या राजपूत भामटा या नावावर किती वाद झालेत ते सर्वांना माहीत आहे. मग समित्यांनी चाळण बारीक केली, आणि त्या चाळणीत ज्यांच्याकडे वकील आणि जुने दप्तर आहे ते पार होतात, पालातला अडकतो.

तर या आठवड्यात एवढं करा: म्हाताऱ्या चुलत आजोबांना गाठा, पणज्याची आणि त्याच्या भावांची नावं टोपणनावांसकट लिहून घ्या, पालाची जुनी गावं विचारा, आणि त्या तालुक्याच्या अभिलेख कक्षात 1925 ते 1950 चे गाव नमुना 14 बघण्यासाठी अर्ज टाका. मुलीच्या कॉलेजमधून जनरल रजिस्टरच्या तिच्या ओळीची प्रत काढा. वडिलांच्या शाळेतली ‘मराठा’ नोंदही प्रमाणित करून आणा, ती टाळू नका. या गोष्टी हातात आल्या की अर्ज अनुसूचित जमातीतून कुठल्या उपविभागात करायचा हे ठरवता येईल.